मेणाची चकती आणि गायनाचे प्रमाण

लाखेच्या तबकडीवरील गायन हे त्या काळच्या गायकीचे विश्वसनीय प्रमाण होय, असे अभ्यासक सहज गृहीत धरतात. ते प्रमाण कोणत्या रीतीने सिद्ध होई, हे पाहिल्यास या विश्वासाला काही मर्यादा घालावी लागते.

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गायन मुद्रित केले, तेव्हा ध्वनिमुद्रणात विजेचा संबंध नव्हता. गायक कर्ण्यासमोर गाई. आवाजाने पडदा थरथरे आणि त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर नागमोडी खाच कोरी. तान तीव्र झाली की मागे सरावे, स्वर मंद झाला की पुढे यावे. आवाजाचा तोल राखण्याचे जे काम पुढे यंत्राने केले, ते येथे गायकाच्या पावलांकडे होते. मेणावर ग्राफाइटची पूड चोळून विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवीत. तो सोलला की खाचेच्या जागी कंगोरा असलेली उलटी प्रत मिळे. तिच्यावरून सुलटी ‘माता’, मातेवरून पुन्हा उलटे ठसे, आणि ठशांखाली लाख, दगडाची पूड व काजळी यांचा तापलेला लगदा दाबून तबकडी. (किनवट-माहूरच्या रानातला पळस हा लाखेच्या किड्याचा आवडता वृक्ष; व्यापारातील लाख मात्र प्रामुख्याने छोटा नागपुराकडून येई.) सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये निघेपर्यंत हे पुढचे सर्व संस्कार जर्मनीत हॅनोव्हरला होत.

मेण वाजवून पाहिले तर खाच बिघडे. सबब दुरुस्ती नाही, जोडकाम नाही. चुकल्यास नवी चकती घेऊन सारे पद पुन्हा म्हणावयाचे. काटछाट जी व्हायची ती गाण्यापूर्वीच होई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत बालगंधर्व जे पद फुलवीत, त्याचा येथे केवळ सांगाडा उरे. अल्लादियाखाँ व भास्करबुवा बखले तर तबकड्यांवर नाहीतच. गायकीच्या इतिहासातील ही पोकळी लहान नव्हे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. मेण राहिले, पण कर्णा गेला. अब्दुल करीमखाँ यांच्या शतकारंभीच्या तबकड्या आणि १९३० नंतरच्या ओडियनच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकल्यास जो फरक जाणवतो, तो सगळा वयाचा वा साधनेचा समजणे धाडसाचे ठरेल. त्यातील काही भाग निश्चितपणे कर्ण्याचा आहे.

पट्टीविषयी तर अधिकच सावधगिरी हवी. आरंभीच्या काळात चकतीची गती मिनिटास नेमकी ७८ फेरे असेच असे नाही. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गात असल्याचा भास होतो.