दमणी, फटफटी आणि मोटार

रिद्धपूर हे मोर्शी तालुक्यातील गाव अमरावतीपासून अदमासे चाळीस किलोमीटरांवर आहे. तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभूंचे येथे वास्तव्य होते. भडोचहून रामटेकच्या यात्रेस निघालेले श्रीचक्रधर त्यांना भेटले ते येथेच, आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले तेही याच गावी. ही सर्व मंडळी पायी चालणारी. झोळीत पडेल ती भिक्षा हाच त्यांचा प्रवासखर्च! त्याच गावी आज एखाद्या पर्वाच्या दिवशी राजमठाच्या वाटेवर उभे राहावे, तर फटफट्यांची रांग संपता संपत नाही. मोटारी दिसतात, पण मधून मधून. एकेका फटफटीवर कर्ता पुरुष, त्याच्या पुढ्यात टाकीवर एक मूल, मागे गृहिणी आणि दोघांच्या मध्ये दाटलेले दुसरे मूल, असा अख्खा संसार येताना आपण सर्वांनीच पाहिला आहे. मोटारी सुलभ हप्त्यांवर मिळू लागून कित्येक वर्षे लोटली असताही हा संसार दोनच चाकांवर का राहिला, या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘गरिबी’ असे देणे मला अपुरे वाटते. ते उत्तर वाहनांच्या जमाखर्चाच्या इतिहासात शोधावे लागते.

वऱ्हाडातील शेतकऱ्यास हे शास्त्र नवीन नाही. दमणी किंवा छकडा करून घेणे एक वेळ सोपे, परंतु बैलजोडी पोसणे हे बारमाही काम. कडबा, सरकीची ढेप, नाल ठोकणे, आसाला वंगण, आणि घरचे माणूस मोकळे नसल्यास गड्याचे साल. बैल गाडीस जुंपला तरी खातो आणि गोठ्यात बसला तरी खातो. म्हणजे वाहनाचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक बसता खर्च आणि दुसरा चालता खर्च. दमणीचा खर्च जवळजवळ सगळा बसता होता. शिवाय कडबा घरच्या शेतातला असल्याने त्या खर्चासाठी रोख पैसा मोजावा लागत नसे. यंत्राचे वाहन दारी आले, तेव्हा पहिला मोठा बदल घडला तो हाच. वाटेवरचा प्रत्येक मैल रोकडीने मोजला जाऊ लागला.

या रोकड खर्चाचा पहिला हिशेब एका स्त्रीच्या नावावर आहे. जर्मनीत डाइमलर याने १८८५ साली दोन चाकांच्या सांगाड्यावर इंजिन बसविले आणि बेंझ याने १८८६ साली आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले. म्हणजे फटफटी ही वयाने मोटारीची थोरली बहीण. पुढे १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेंझची पत्नी बेर्था हिने पतीस न कळविता दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास मोटारीने केला. वाटेत इंधन संपले, ते एका औषधविक्रेत्याच्या दुकानातून घ्यावे लागले. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांस कातडे लावून घेतले. इंधन आणि दुरुस्ती ही चालत्या खर्चाची दोन्ही कलमे त्या पहिल्याच प्रवासात उपस्थित झाली, हे मोठे मौजेचे आहे.

पाश्चात्त्य देशांत या दोन बहिणींचा निवाडा लवकर लागला. अमेरिकेत फोर्डची टी-मॉडेल मोटार १९०८ साली साडेआठशे डॉलरांना मिळत होती. १९२५ च्या सुमारास तिची किंमत तीनशे डॉलरांच्याही खाली उतरली. इंग्लंडमध्ये सामान्य कुटुंब फटफटीला साइडकार जोडून हिंडत असे. त्या कुटुंबावर नजर ठेवूनच हर्बर्ट ऑस्टिन याने १९२२ मध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चिमुकली मोटार काढली. तेथे कर अश्वशक्तीवर होता, आणि या मोटारीची अश्वशक्ती अल्प. साइडकारचा बोजा ओढणारी फटफटीही पेट्रोल काही कमी पीत नसे. दोहोंच्या चालत्या खर्चात फारसे अंतर उरले नाही, तेव्हा पावसात न भिजविणारी मोटार लोकांनी पत्करली आणि साइडकार हळूहळू रस्त्यावरून नाहीशी झाली.

आपल्याकडे तसे घडावयास पेट्रोल स्वस्त हवे होते. ते येथे कधीच स्वस्त नव्हते. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून त्यावर नियंत्रण आले आणि कित्येक मोटारी पाठीमागे लोखंडी भट्टी बांधून कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. पुढे १ जुलै १९४६ पासून मोटारवाहनास विमा सक्तीचा झाला व बसत्या खर्चात एका कलमाची भर पडली. सामान्य माणसाने या कटकटीत न पडता सार्वजनिक बसचा आश्रय केला. मुंबई राज्याची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास गेली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते. १९५६ साली ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि पुढे नागपूरकडील प्रांतिक बससेवा व ही एस.टी. एक झाल्या.

घरोघरी स्वतःचे यंत्रवाहन आले ते पुण्याच्या कारखान्यांमुळे. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना ही दोन्ही वाहने १९७२ सालची. दुसऱ्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध होऊन खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला! पन्नास सीसीची लूना अशा वेळी शिक्षक, कारकून, पोस्टमन यांना देवासारखी पावली. परंतु ही दोन्ही इंजिने टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलात ऑइल मिसळावे लागे, आणि पेट्रोलाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जाई. १९८५ साली हीरो होंडाची ९७ सीसीची फोर-स्ट्रोक सीडी-१०० आली, तेव्हा त्या वाया जाणाऱ्या पेट्रोलाची बचत झाली आणि पाऊण क्विंटल धान्याचे पोते बांधूनही लिटरामागे पुष्कळ पल्ला गाठणारे वाहन खेडोपाडी पोहोचले. माझ्या मते वऱ्हाडच्या ग्रामीण रस्त्यांचा इतिहास लिहिताना या एका यंत्राला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल. मारुती ८०० त्याआधीच, डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली होती; पण ती शहरातील डॉक्टर-वकिलांच्या दारी थांबली.

ऑस्टिनचा प्रयोग भारतात पुन्हा झाला तो २००९ साली. भर पावसात स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून रतन टाटा यांच्या मनात नॅनोची कल्पना आली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. एक लाख रुपये ही तिची गाजलेली किंमत. तथापि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सिंगूरहून साणंदला हलवावा लागलेला कारखाना, काही गाड्यांना लागलेल्या आगी, ‘स्वस्तातली गाडी’ हा शिक्का, अशी पुष्कळ कारणे सांगतात व ती खोटी नाहीत. पण मला वाटते, मूळ कारण हिशेबात आहे. इंग्लंडमध्ये मोटारीची गाठ साइडकारवाल्या फटफटीशी होती; येथे ती साइडकार नसलेल्या फटफटीशी पडली. आपल्या फटफटीची काटकसर कुटुंबाला जागाच न देण्यातून आलेली आहे.

आयुष्य गणिते घालण्यात गेल्यामुळे एक उदाहरण मांडल्यावाचून राहवत नाही. अमरावती ते रिद्धपूर जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर असले तरी हिशेबास शंभरच धरू. फटफटी लिटरामागे साठ किलोमीटर व लहान मोटार सोळा किलोमीटर चालते असे मानू. फटफटीस १३३ रुपयांचे पेट्रोल लागेल, मोटारीस ५०० रुपयांचे. आता एस.टी. पाहा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरांच्या टप्प्यास दहा रुपयांच्या जरा वर गेले; चाळीस किलोमीटरांचे सात टप्पे धरता एका बाजूचे सुमारे ७० रुपये होतात. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे आहे, बारा वर्षांखालील मुलांना ते पूर्वीपासूनच अर्धे. तेव्हा नवरा, बायको व दोन मुले यांचा एस.टी.चा खर्च ३५० रुपये. एकटा माणूस असेल, तर फटफटी व एस.टी. यांत पाच-सात रुपयांचेच अंतर पडते. चौघे असतील, तर १३३, ३५० आणि ५०० असे आकडे येतात. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकाच्या मागे एकालाच बसता येते. सर्वांत स्वस्त रीत ती कायदा मोडणारी, असे हे विचित्र उत्तर आहे.

बसत्या खर्चातही मोटार मागेच पडते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार, ज्याला लोक थर्ड पार्टी म्हणतात तो विमा शंभर सीसीच्या फटफटीस वर्षाला ७१४ रुपये, तर हजार ते दीड हजार सीसीच्या मोटारीस ३,४१६ रुपये होता. टायर दोनाऐवजी स्टेपनीसह पाच, इंजिन ऑइल एका लिटराऐवजी तीन-चार लिटर, शिवाय घसारा आणि कर्जाचे व्याज. महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी मोटार ही गोठ्यातल्या बैलासारखी आहे. दारात उभी राहूनही खातच असते.

या वहीत न उतरणारे एक कलम आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत दुचाकीवरील माणसे ७४,८९७ होती. मोटारीचे पत्र्याचे कवच व पट्टा यांची किंमत त्या ५०० रुपयांत धरलेली असते. १३३ रुपयांत तसे काहीच नसते.

मागील एका पर्वाला रिद्धपुरात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. बायको आणि दोन मुले घेऊन अमरावतीहून फटफटीवर आला होता. एस.टी.ने का आला नाहीस, असे विचारता म्हणाला, “गुरुजी, यष्टी तिच्या टायमानं येते. माह्यं दूध सांजच्या सहाला घालाव लागते.” दोनशे रुपयांपेक्षा हे कारण मला वजनदार वाटले. मग मी त्यास विम्याचा कागद दाखवावयास सांगितला. मागे बसलेल्या माणसाची जोखीम केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेला आहे. त्यासाठी थोडी रक्कम वेगळी भरावी लागते. त्याने डिकीतून घडी घातलेला कागद काढला. आम्ही दोघांनी तो सावलीत उभे राहून वाचला. मागे बसणाऱ्यासाठी त्यात काहीही भरलेले नव्हते. पुढल्या नूतनीकरणाची तारीख त्याने बायकोस पाठ करून ठेवावयास सांगितली.