टोकोफेरॉल : एका नावाने केलेला घोटाळा

ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या की पस्तिशी उलटल्यावरही मूल होण्याची शक्यता वाढते, असा समज बराच पसरलेला आहे. त्याचे मूळ शोधू लागलो तर आपण कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, १९२२ साली, उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी येऊन पोचतो.

हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप तेथे उंदरांना मोजूनमापून आहार देत होते : दुधातील केसीन हे प्रथिन, पिष्ट, डुकराची चरबी, क्षार आणि यीस्ट. उंदीर छान वाढले. माद्या माजावर आल्या, गर्भही राहिला. पण पिल्ले जन्मली नाहीत. गर्भ मध्येच मरत आणि आईच्या शरीरातच जिरून जात. कॉडलिव्हर तेलाने काही फरक पडला नाही. लेट्यूसची ताजी पाने घालताच मात्र पिल्ले होऊ लागली. पानांत क जीवनसत्त्व असते, तेव्हा गुण त्याचाच, असे कोणालाही वाटले असते. पण गहू दिल्यावरही तोच गुण आला, आणि कोरड्या गव्हात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच! म्हणजे घटक निराळाच होता. (एकेक शक्यता कशी बाद करत जायची हे वर्गात सांगताना हे उदाहरण जरूर घ्यावे.)

१९२४ साली बार्नेट शुअर यांनी या घटकाला ‘ई’ हे अक्षर सुचवले. १९३६ मध्ये इव्हान्स आणि इमर्सन दांपत्याने गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. बारशाला ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉर्ज कॅलहून होते. ‘टोकोस’ म्हणजे प्रसूती, ‘फेरिन’ म्हणजे वाहणे. रेणू अल्कोहोल गटातला, म्हणून शेवटी ‘ऑल’.

नाव सुरेख, पण त्यानेच घोटाळा केला. इव्हान्स यांच्या माद्यांची अंडाशये ठणठणीत होती, बीजे वेळेवर सुटत होती. आहार सुधारताच त्याच माद्या पुन्हा व्यायल्या. त्यांच्यात उणीव होती ती गर्भ टिकवण्याची, आणि तीही आहारातून आलेली. माणसात ही उणीव विरळा. ती दिसते मुख्यतः स्निग्ध पदार्थ पचत नसलेल्या रुग्णांत, आणि तेव्हा इजा होते ती मज्जातंतूंना. करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल, शेंगदाणे असे पदार्थ खाणाऱ्या आपल्या घरांत तिची भीती थोडीच.

वयाची गोष्ट वेगळी आहे. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्मावेळी दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख. साठा घटतच जातो. शिवाय उरलेल्या बीजांत गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचे प्रमाण पस्तिशीनंतर झपाट्याने वाढते. उंदरांतील आहाराच्या उणिवेशी याचा संबंध नाही.

तरी एक आशा होती. ई जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण रोखते. बीजांचा ऱ्हास त्यातून होत असेल तर तो लांबवता येईल. स्पेनमधील वॅलेन्सिया येथे हुआन तारिन आणि सहकाऱ्यांनी छोट्या उंदरांना क आणि ई ही जीवनसत्त्वे दीर्घकाळ दिली. १९९८ साली निष्कर्ष आला की वय झालेल्या माद्यांत बीजांची संख्या आणि प्रत सुधारली. याच गटाने मग प्रत्यक्ष पिल्ले मोजली. २००२ सालचा निष्कर्ष उलटा होता : विणी कमी, पिल्लेही कमी.

स्त्रियांवरील चाचण्या पुष्कळशा लहान आहेत. अशा ऑक्सिडीकरणरोधक गोळ्यांचा कॉक्रेन संस्थेने २०२० साली आढावा घेतला, तेव्हाही पुरावा कच्चाच ठरला. मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका संभवतो. आणि गोळ्यांच्या भरवशावर गेलेले एक वर्ष अडतिसाव्या वर्षी फार महाग पडते.