गालिच्यावरील कोयरी

आपल्या लुगड्याच्या पदरावरील कोयरी आपण आपल्या घरचीच समजतो. भगिनींनो, तीच कोयरी इराणातील जुन्या गालिच्यांवरही आहे, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. मुलीने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात चित्र पाहिले तेव्हा कळले. तिकडे तिला 'बोते' म्हणतात, म्हणजे झुडूप.

इराणच्या फार्स प्रांतातील कश्काई हे आपल्या धनगरांसारखे मेंढपाळ लोक. उन्हाळ्यात डोंगरावर जावयाचे व थंडीत खाली उतरावयाचे, असा त्यांचा क्रम. त्यांच्या बायका जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा माग मांडीत. मुक्काम हलला की अर्धवट विणलेला गालिचा गुंडाळून जनावरावर लादीत. लोकर घरच्या मेंढ्यांची, सूत हातचे. तांबडा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, निळा निळीचा, पिवळा डाळिंबाच्या सालीचा. एका वेळी रंगविलेली लोकर संपली की पुढची थोडी फिकी निघे. म्हणून जुन्या गालिच्यात एकाच रंगाचे पट्टे दिसतात. जाणकार त्यास दोष मानीत नाहीत.

नक्षी कागदावर नसे. सिंह, पक्षी, झाड, चौकट, सारे आईशेजारी बसून मुलीने पाहावे व एकेक गाठ मारीत ध्यानात ठेवावे. १९३० नंतर रेझा शहाच्या सरकारने या लोकांना सक्तीने एका जागी बसविले, तेव्हा पुष्कळ गुरेमेंढ्या मेल्या. तरी विद्या टिकली. २०१० साली युनेस्कोने फार्सची ही कला मानवजातीच्या वारशात घेतली.

इराणी गालिचा आपल्या देशातही रुजला. अकबराने आग्रा, फत्तेपूर व लाहोर येथे कारखाने घातले. पुढे इंग्रजी अमदानीत विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांवरून पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांनी नकला विणल्या. ते गालिचे आज मोठ्या किमतीस जातात. पण विणणाऱ्या कैद्याचे नाव त्यांवर नसते, आणि कश्काई बाईचेही बहुधा नसते. राहते ती नक्षी.

हे वाचताना मला सासूबाईंची गोधडी आठवली. चारी कोपऱ्यांत त्या एक फूल घालीत, तेही टाका न तोडता. मी वीस वर्षे ती गोधडी पांघरली, पण ते कसे घालतात हे विचारले नाही. आता विचारावयास त्या नाहीत. ज्यांच्या घरी अजून वडीलधारी हात आहेत, त्या भगिनींनी आजच शेजारी बसून शिकून घ्यावे, एवढेच सांगणे.