'ताज'चा पोरसवदा संपादक

बड्या फुहाऱ्याच्या गर्दीत ई-रिक्षांना चुकवत तुम्ही कमानिया गेटकडे निघालात, आणि गेटच नाहीसे झाले. घाबरू नका. ते त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीत उभे राहिले, आणि त्या अधिवेशनाला अजून १९ वर्षे अवकाश आहे. तुम्ही १९२० सालच्या जबलपुरात आहात.

नाक्यानाक्यावर खिलाफतीची चर्चा चालू आहे. कुणाच्या हातात जानेवारीत निघालेला 'कर्मवीर' दिसतो. संपादक माखनलाल चतुर्वेदी, आणि त्यांच्या पाठीशी आपले माधवराव सप्रे, टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे. याच गावातून 'ताज' नावाचे एक उर्दू साप्ताहिकही निघते. तुम्हाला जायचे आहे ते तिकडे.

उर्दू छपाई अजून शिळाछापावरच चालते. कातिब, म्हणजे मजकूर सुंदर अक्षरात उतरवणारा लेखनिक, मांडी घालून बसला आहे. लेप दिलेल्या पिवळसर कागदावर तो बोरूने अक्षर काढतो आहे. हा कागद दगडावर उलटा दाबायचा, अक्षर दगडावर उतरले की त्यावरून प्रती काढायच्या. एक नुक्ता चुकला तर दगडच खरवडावा लागतो, म्हणून कातिबाची मान वर होत नाही. संपादक मात्र मजकूर देण्याच्या घाईत आहे. वय सोळा-सतरा, नाव अबुल आला मौदूदी, जन्म औरंगाबादचा, २५ सप्टेंबर १९०३.

त्याचे लिखाण वाचून तुम्ही चक्रावून जाल. पुढे जमात-ए-इस्लामी काढणारा हा मुलगा आत्ता काँग्रेसच्या बाजूने लिहितो आहे. मदनमोहन मालवीयांचे चरित्र त्याने आधीच लिहिले आहे, आणि गावातल्या मुसलमानांना तो गांधींच्या चळवळीत ओढतो आहे. त्याचे जळजळीत लेख सरकारला खुपतात, 'ताज' बंद पडतो आणि तो दिल्ली गाठतो. जबलपुरातला त्याचा मुक्काम एवढाच.

आता तुम्हीही दिल्लीला या. असहकार गुंडाळला गेला आहे. ज्या खिलाफतीसाठी इकडे लोक तुरुंगात गेले, ती खुद्द तुर्कांनीच ३ मार्च १९२४ रोजी मोडीत काढली. गावोगाव दंगली होत आहेत. २३ डिसेंबर १९२६ रोजी एका मुसलमानाच्या हातून स्वामी श्रद्धानंदांचा खून होतो आणि इस्लाम तलवारीचा धर्म असल्याची टीका उसळते. मौदूदी आता जमियत या उलेमांच्या संघटनेच्या 'अल-जमियत' या पत्राचा संपादक आहे. उत्तर म्हणून तो जिहादवर लेखमाला सुरू करतो. १९३० मध्ये तिचे पुस्तक होते.

गंमत अशी की, जमियतच्या ज्या उलेमांच्या पत्रात तो लिहीत होता, त्यांचे नेते हुसेन अहमद मदनी पुढे हिंदू-मुसलमानांच्या एकाच राष्ट्राची बाजू मांडतात आणि मौदूदी त्यांच्यावर तुटून पडतो. मदरशातल्या जुन्या विद्येने मौदूदीचा विचार घडवला, या सरसकट समजुतीवर माझा म्हणूनच विश्वास नाही. अरबस्तानातल्या नज्दमधल्या १८व्या शतकातल्या वहाबी चळवळीचे मूळ वेगळे आहे. मौदूदीच्या विचाराचे मूळ मात्र वर्तमानपत्रात रुजले. सत्ता फक्त अल्लाची, लोकांनी स्वतःचे कायदे करणे म्हणजे बंड, आणि धर्म म्हणजे शासनासकट आयुष्याची संपूर्ण व्यवस्था, ही त्याची मांडणी. असे राज्य जीवनाचा एकही कोपरा मोकळा सोडत नाही, या बाबतीत ते फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट राज्यांसारखे असेल, हे त्याने स्वतःच लिहिले आहे.

२६ ऑगस्ट १९४१. लाहोरात ७५ जण जमले आहेत, जमात-ए-इस्लामी स्थापन होते आहे. न्याय करायचा तर हेही नोंदवा: मौदूदींनी गुप्त सशस्त्र कटांचा मार्ग नाकारला. पण विचार एकदा बाहेर पडला की त्याला लेखकाची परवानगी लागत नाही. कैरोच्या तुरुंगात इजिप्तचे विचारवंत सय्यद कुतुब मौदूदींची अरबी भाषांतरे वाचतात, आणि आजचा मुसलमान समाजसुद्धा इस्लामपूर्व अज्ञानातच जगतो आहे, या टोकाला पोचतात. १९६६ मध्ये त्यांना फाशी होते. त्यानंतर इजिप्तचाच अब्दुस्सलाम फराज १४व्या शतकातल्या इब्न तैमियांचा मंगोलांविरुद्धचा फतवा उकरून स्वतःच्याच मुसलमान राज्यकर्त्यावर वळवतो. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी संचलन पाहत बसलेले इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात गोळ्यांना बळी पडतात.

मौदूदी तोवर हयात नव्हते. २२ सप्टेंबर १९७९ रोजी ते अमेरिकेत बफेलो इथे वारले. उपचारांसाठी ते तिथे गेले होते, डॉक्टर मुलाकडे.

परत बड्या फुहाऱ्याला आलात, की खव्याची जिलेबी जरूर खा. पण या विचाराला घरातूनच मिळालेले उत्तर वाचायचे असेल, तर १९६३ चे 'ताबीर की गलती' मिळवा. लेखक मौलाना वहिदुद्दीन खान. सुमारे १५ वर्षे जमातीत राहून ते बाहेर पडले. माणसाचे देवाशी असलेले नाते हा धर्माचा गाभा. मौदूदींनी तिथे राज्यसत्ता नेऊन बसवली, हा त्यांचा आक्षेप. तो आधी वाचा, मग मौदूदी वाचा.