चुन्याची पांढरी रेघ

फुटबॉलच्या मैदानाभोवती चुन्याची एक पांढरी रेघ असते. तिच्या आत उभा असलेला माणूस पायांनी खेळतो. बाहेर उभा असलेला नुसता जिवाने. आतल्याने बाहेर येऊन उभे राहणे किती अवघड, हे पाहायचे असेल तर इगोर स्टिमॅकचे चरित्र चाळावे. त्याच्या मुलखात आडनावाचा उच्चार ‘श्टिमात्स’ असा होतो. पण आपल्याकडे तो स्टिमॅकच झाला, तेव्हा आपणही तेच चालवू.

त्याचा जन्म ६ सप्टेंबर १९६७ चा, मेत्कोविच गावचा. क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियात होता. स्प्लिट बंदरातल्या हायदुक क्लबात तो बचावपटू म्हणून वाढला. १९८७ साली चिलीत युगोस्लाव्हियाच्या पोरांनी कुमारांचा विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता. पुढे देशालाच तडे गेले. ८ मे १९९१ रोजी बेलग्रेडला चषकाच्या अंतिम सामन्यात हायदुकने रेड स्टारला १-० असे हरवले. त्या सामन्यात स्टिमॅक आणि रेड स्टारचा मिहायलोविच यांची अशी जुंपली, की पंचाने दोघांनाही बाहेर काढले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्ध पेटले.

त्या नव्या, चिमुकल्या देशाने १९९८ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक पटकावला. जर्मनीला ३-० असे लोळवणाऱ्या त्या संघाच्या बचावात स्टिमॅक खंबीरपणे उभा होता. इंग्लंडात डर्बी काउंटी क्लबातही त्याने नाव कमावले.

मग तो रेघेबाहेर आला. २०१२ साली क्रोएशियाचा प्रशिक्षक झाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये ती जागा गेली. मी पेशाने मास्तर. पोरगा पास झाला की पोरगा हुशार, नापास झाला की मास्तर वाईट, हा न्याय मला पाठ आहे. प्रशिक्षकालाही तोच लागू होतो. फक्त निकाल हजारो लोकांसमोर लागतो.

मे २०१९ मध्ये हा गृहस्थ भारताचा प्रशिक्षक झाला. त्याच सप्टेंबरात दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला आपल्या मुलांनी ०-० असे रोखले. गोलरक्षक गुरप्रीतसिंगने तर त्या दिवशी भिंतच उभी केली होती. पण स्टिमॅकचा खरा स्वभाव दिसला तो २१ जून २०२३ ला, बंगळुरात. सामना पाकिस्तानशी, आणि भारत दोन गोलांनी पुढे. पाकिस्तानी खेळाडू रेघेवरून चेंडू फेकणार, इतक्यात स्टिमॅकने तो त्याच्या हातातून हिसकावला! तांबडे कार्ड मिळाले. पन्नाशी उलटली, तरी चेंडू जवळ आला की हात राहत नव्हता. त्याच स्पर्धेत कुवेतविरुद्ध दुसरे तांबडे कार्ड मिळाले. उपांत्य आणि अंतिम सामन्यांत त्याचा सहायक महेश गवळी रेघेपाशी उभा राहिला. गवळी गोव्याचा, आणि तोही जुना बचावपटूच. भारताने अजिंक्यपद जिंकले.

पुढे दिवस फिरले. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला, आणि एकही गोल झाला नाही. जूनमध्ये विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीची आशा पुन्हा कतारशी येऊन ठेपली. मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात चेंडू मागची रेघ ओलांडून बाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो आत ओढला आणि गोल झाला. पंचाने तो ग्राह्य धरला. भारत १-२ असा हरला. सहा दिवसांनी, १७ जूनला, स्टिमॅकला दूर करण्यात आले.

त्या एका गोलापायीच तो गेला, असे म्हणणे खोटे ठरेल. आधीचे पराभव होतेच. पण आयुष्यभर चेंडू अडवण्याचा धंदा केलेल्या माणसापुढून तो चेंडू रेघेपार गेला नि परत आला, आणि या वेळी त्याला तिथे उभे राहून नुसते पाहावे लागले.