जोगिणींची देणगी आणि रोजची सुई

मूल व्हावे म्हणून रोज सुई टोचून घेणारी एखादी बाई तुमच्याही नात्यागोत्यात असेल. ती बोलत नाही, इतकेच. त्या सुईतले औषध आले कुठून, ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

१९४९ साली रोममधील सेरोनो या औषध कंपनीत पिएरो दोनिनी नावाच्या शास्त्रज्ञाने ते वेगळे काढले. कशातून म्हणाल? पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून! नाक मुरडू नका. बैल जागचा हलेनासा झाला की गाडीवान अधिकच ओरडतो ना, तसेच हे. उतारवयात बीजकोश थकतो. मग मेंदूखालची पियूषिका ग्रंथी त्याला जागे करणारे संप्रेरक जास्तच सोडू लागते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. पण एवढी लघवी जमवायची कोठून? त्यात एखादी गरोदर बाई निघाली तर सारा साठा बिघडायचा. तेव्हा डॉ. ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या मदतीला पोप बारावे पायस यांचे पुतणे धावले, आणि इटलीच्या मठांतल्या वृद्ध जोगिणींनी ती पुरवली! एका उपचाराला दहा जोगिणींची दहा दिवसांची लघवी लागे, असे सांगतात. १९६२ साली इस्रायलमध्ये या औषधाने पहिली मुलगी जन्मली. ज्यांनी स्वतः संसार सोडला, त्यांनी दुसरीचा पाळणा हलवला, म्हणा ना!

त्या काळची सुई मात्र कुल्ल्याच्या स्नायूत खोल जाई. आता बारीक सुईने पोटाच्या कातडीखाली देतात. १९९५ पासून प्रयोगशाळेतल्या पेशींकडून बनवलेले औषधही मिळते. तरी दहा-बारा दिवस, ठरल्या वेळी, रोज जागा बदलून टोचायचे ते टोचायचेच. पोट फुगते, डोके दुखते, उगाच रडू येते. ही काही नाटके नव्हेत. पोट एकाएकी तट्ट फुगले, दम लागू लागला, तर मात्र घरी न थांबता डॉक्टरांना गाठावे.

आणि दोष पुरुषात असला तरी सुया पुष्कळदा बाईलाच! माझ्या पत्नीने पहिले तीन दिवस स्वयंपाकघराची कडी लावून एकटीने टोचून घेतले. माझ्या आईला कळू नये म्हणून. चौथ्या दिवशी मी सुई भरायला शिकलो. हात कापत होता तो माझाच.