गाडी पाण्यात उतरते तेव्हा

सप्टेंबर २०२२ मध्ये टेस्ला या अमेरिकन कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जाहीर केले की, त्यांचा येऊ घातलेला ‘सायबरट्रक’ थोडा वेळ होडीसारखा वापरता येईल इतका जलरोधक असेल. नद्या, तळी, एवढेच काय, फारसा खवळलेला नसेल तर समुद्रही त्यातून पार करता येईल. विजेवर चालणारा हा पिकअप ट्रक, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागला. सोबतच्या पुस्तिकेत मात्र पाण्याच्या खोलीची मर्यादा टायरच्या तळापासून सुमारे ८१ सेंटिमीटर दिली होती. पाण्यातून गाडी नेल्यामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही, हेही तेथे नमूद केले होते.

समुद्राची भाषा ८१ सेंटिमीटरवर का आली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला दोनशे वर्षे मागे जावे लागले. जमिनीवरची गाडी पाण्यात घालण्याचा खटाटोप तितका जुना आहे, आणि त्यात माणसे कोठे फसली हे पाहिले की विजेने नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही ते स्पष्ट होते.

अमेरिकन संशोधक ऑलिव्हर इव्हान्स याने १८०५ मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या आरोग्य मंडळासाठी गाळ उपसण्याचे एक वाफेचे यंत्र बांधले. ते एका सपाट बोटीवर बसवलेले होते. कारखान्यापासून नदीपर्यंत नेण्यासाठी त्याने बोटीला चाके लावली आणि पाण्यात ढकलण्यासाठी मागे वल्ह्यांचे चक्र जोडले. हे धूड आपल्याच शक्तीने रस्त्यावरून चालत गेले, असे इव्हान्सने लिहून ठेवले आहे. इतिहासकारांना त्याबद्दल शंका वाटते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, इव्हान्सने बोटीला चाके लावली होती. तरंगण्याचा प्रश्न बोटीने आधीच सोडवलेला होता.

गाडीला तरंगवणे हा उलटा प्रवास. तो मोठ्या प्रमाणावर झाला दुसऱ्या महायुद्धात. बंदर नसलेल्या किनाऱ्यावर माल उतरवण्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकेत अडीच टनी लष्करी ट्रकच्या यंत्रणेभोवती पोलादी होडी बांधण्यात आली. ही ‘डक’ गाडी. तिला सहा चाके होती, मागे प्रॉपेलर होता, सुकाणू होते आणि आत आलेले पाणी सतत उपसणारे पंप होते. पाण्यात ती ताशी दहा किलोमीटरच्या आसपास जाई. सैन्याधिकारी सुरुवातीला साशंक होते. डिसेंबर १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ तटरक्षक दलाची एक नौका वादळात वाळूवर रुतली, तेव्हा प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या डकने तिच्यावरील सात जणांना सोडवून आणले आणि शंका मिटली. युद्ध संपेपर्यंत अशा एकवीस हजारांवर गाड्या तयार झाल्या.

त्याच युद्धातले दुसरे उदाहरण वेगळे आहे. निकोलस स्ट्रॉसलर या अभियंत्याने तीस टनांहून जड रणगाड्याभोवती कॅनव्हासची उंच भिंत उभारण्याची युक्ती काढली. भिंत उभी असेपर्यंत रणगाडा पुरेसे पाणी बाजूला सारतो आणि तरंगतो. शांत पाण्यात हे उत्तम चाले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ‘ओमाहा’ किनाऱ्यापुढे एका अमेरिकन तुकडीचे २९ रणगाडे काही किलोमीटर अलीकडेच खवळलेल्या समुद्रात सोडण्यात आले. लाटांनी कॅनव्हास कोसळला. २७ रणगाडे बुडाले.

आर्किमिडीजचे तत्त्व दोन्ही ठिकाणी एकच होते. वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाएवढे झाले की ती तरंगते. फरक होता तो शिलकीत. पाण्याच्या रेषेच्या वर जलरोधक भाग किती उरला, आणि थोडे पाणी आत आले तर ते बाहेर काढायची सोय आहे का? जहाजबांधणीत या शिलकीला राखीव तरणक्षमता म्हणतात. डकजवळ पंप होते. रणगाड्याजवळ कापडाची एक भिंत होती, आणि ती पडल्यावर काहीच नव्हते.

युद्धानंतर कित्येक डक गाड्या पर्यटकांना तळ्यात फिरवू लागल्या. १ मे १९९९ रोजी आर्कान्सॉ राज्यातील एका तळ्यात अशी एक डक बुडून १३ जण दगावले. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याभोवतीचे रबरी आवरण निसटले आणि त्या वाटेने पाणी आत आले. राखीव तरणक्षमता अपुरी आहे, आणि वरच्या छतामुळे प्रवासी आत अडकतात, असे अपघाताच्या चौकशीत निष्पन्न झाले. १९ जुलै २०१८ रोजी मिझुरी राज्यात त्याच जातीची गाडी वादळी लाटांत सापडली आणि १७ जण बुडाले. गाडी वर्षानुवर्षे तरंगली होती. जे बदलले ते हवामान.

पिकअप ट्रक समुद्रात नेण्याचे धाडसही प्रत्यक्षात झाले आहे. जुलै २००३ मध्ये बारा क्यूबन नागरिकांनी १९५१ सालच्या शेव्हरोले ट्रकला रिकामी पिंपे बांधली, इंजिनाची शक्ती प्रॉपेलरला जोडली आणि फ्लोरिडाच्या दिशेने कूच केले. दोनशे लिटरचे एक बंद पिंप साधारण दोनशे किलो पाणी बाजूला सारते. म्हणजे असा ट्रक तोलायला पिंपांची मोठी रांग पुरते. अमेरिकन तटरक्षक दलाने त्यांना फ्लोरिडापासून सुमारे साठ किलोमीटरवर अडवले, माणसांना परत धाडले आणि ट्रक बुडवून टाकला. त्या ट्रकला तरंगवले ते पिंपांनी. इंजिन मात्र पेट्रोलचे होते, आणि त्याला सतत हवा लागत होती.

विजेने केलेला बदल येथे आहे. पेट्रोल किंवा डिझेल इंजिन हवा ओढते. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर दट्ट्या ते दाबू शकत नाही, कारण पाणी जवळजवळ असंपीड्य आहे. मग दट्ट्याचा दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते. म्हणून जंगली वाटांवरच्या जीपला छतापर्यंत श्वासनळी बसवतात. विद्युत मोटरला हवा लागत नाही. तिचे व बॅटरीचे कवच पाणबंद करता येते. सायबरट्रक पाण्यात उतरण्यापूर्वी गाडीची उंची वाढवतो आणि बॅटरीच्या पेटीत हवेचा दाब भरतो, म्हणजे फट असलीच तर हवा बाहेर जाईल, पाणी आत येणार नाही. कल्पना चांगली आहे. पण तिने सुटला तो श्वासाचा प्रश्न. तरंगण्याचा आणि ओलांडण्याचा प्रश्न होता तेथेच राहिला.

तो किती अवघड आहे हे वर्गात फळ्यावर मांडता येईल. ट्रकचे वजन ३००० किलो, लांबी ५.७ मीटर आणि रुंदी २ मीटर धरू. तळ सपाट खोक्यासारखा मानला तर क्षेत्रफळ ११.४ चौरस मीटर होते. म्हणजे गाडीचे धड पाण्यात एक सेंटिमीटर बुडले की पाणी ११४ किलो भार उचलते. अवघे २६ सेंटिमीटर बुडताच सगळा भार उचलला जाईल. धड जमिनीपासून ४० सेंटिमीटर वर असेल, तर सुमारे ६६ सेंटिमीटर, म्हणजे मांडीएवढ्या पाण्यातच चाके जमीन सोडू लागतील. चाकांच्या खाचा, निमुळता आकार आणि दारांतून झिरपणारे पाणी यांमुळे प्रत्यक्षातला आकडा मोठा निघेल, पण फार मोठा नाही.

यातला विरोधाभास विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. गाडी जितकी पाणबंद, तितकी ती लवकर तरंगू लागते. जुन्या उघड्या लष्करी जीपमध्ये पाणी भरे, आणि म्हणूनच तिची चाके तळाला टेकून राहत. नदी ओलांडायला चाकांवर भार हवा. तरंगायला तो नको. ज्या गाडीला प्रॉपेलर नाही, सुकाणू नाही, ती अर्धवट तरंगली की दोन्हीकडून जाते.

आता पाणी वाहते आहे असे समजू. धड २० सेंटिमीटर बुडाले असताना चाकांवर फक्त ७२० किलो भार उरतो. गाळाच्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ धरला तर टायरांची पकड २९० किलोभाराएवढी. आडव्या प्रवाहाचा वेग सेकंदाला २.५ मीटर असेल, तर बुडालेल्या बाजूवर प्रवाहाचा रेटा सुमारे ३६० किलोभार येतो. ट्रक वाहून जाईल, आणि हे साठ सेंटिमीटर पाण्यात. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची सूचना या हिशेबाशी जुळते : तीस सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक मोटारींना, आणि साठ सेंटिमीटर पाणी ट्रकनाही नेऊ शकते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २०१७ मध्ये खऱ्या गाड्या प्रवाहात ठेवून पाहिल्या. अडीच टनांची फोर व्हील ड्राइव्ह गाडी ४५ सेंटिमीटर पाण्यात अस्थिर झाली आणि ९५ सेंटिमीटरला पूर्ण तरंगली.

चीनच्या बीवायडी कंपनीने २०२३ मध्ये आणलेली, विद्युत मोटरींवर चालणारी जड गाडी ‘यांगवांग यू-८’ आणीबाणीत तीस मिनिटे तरंगू शकते आणि चाके फिरवून हळूहळू पुढे सरकते, असे कंपनी सांगते. हा प्रगतीचा टप्पा खरा, पण तो बुडण्यापासून वाचण्यासाठी आहे, नदी ओलांडण्यासाठी नाही. खाऱ्या पाण्याचा धोका आणखी वेगळा. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात ‘इयन’ चक्रीवादळ आले. समुद्राचे पाणी शिरलेल्या काही विजेच्या गाड्यांनी पाणी ओसरल्यावर, काही वेळा कित्येक दिवसांनी, पेट घेतला. मिठाचे पाणी वीज वाहून नेते, आणि पाणी वाळले तरी मागे राहिलेला क्षार बॅटरीच्या घटांमध्ये नको तेथे विजेला वाट करून देतो. गाडी सुकली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे नाही.

एक स्टीलचा डबा घ्या. तो जेमतेम तरंगेल इतके खडे त्यात टाका, झाकण लावा आणि बादलीत सोडा. मग विद्यार्थ्यांना विचारा : आणखी किती खडे टाकले तर तो बुडेल? झाकण थोडे सैल केले तर? बादलीतले पाणी हाताने ढवळले तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आर्किमिडीजकडे आहे. पुढच्या दोन प्रश्नांनी ओमाहाच्या किनाऱ्यावर आणि अमेरिकेतल्या त्या दोन तळ्यांत माणसे गेली.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्याने वेढलेल्या, काचा बंद असलेल्या मोटारींत काही माणसे गुदमरून गेली. दर पावसाळ्यात आपल्याकडे पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या तोंडाशी एखादा चालक थांबतो आणि पुढची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल असे ठरवतो. उद्या त्याच्या हाती विजेची गाडी असेल, आणि पाण्याने तिचे इंजिन बंद पडत नाही हे त्याला ठाऊक असेल. चाकांवर किती भार उरला आहे, हा हिशेब त्याने शाळेत एकदा तरी केलेला असावा.